तळेगाव येण्याआधीची तू

कुंदा, तुझी जागा मी देऊन टाकली. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं लिहायला सोपं जाईल. कोणाला दिली आणि का दिली ते येईलच ओघात. पण ती मला हवी होती, हेही इथेच लिहून टाकते. तू असताना हवी होती, आणि तू गेल्यावर तर ती माझीच, असं मी धरून चालले होते.

लोणावळ्याहून पुण्याकडे येणारी आपली लोकल, तिचा बायकांचा डबा, डाव्या हाताची, दारापासून दुसरी खिडकी. समोरासमोर दोन बाकं. तू गाडी जाते त्या दिशेला तोंड करून, मी पाठ करून. तुला येणारं दिसायचं आणि मला गेलेलं. तू कामशेतला चढायचीस, मी तळेगावला. तू चिंचवडला उतरायचीस, शाळांचे गणवेश शिवणाऱ्या त्या दुकानासाठी. मी पुढे कासारवाडीला, तिथून भोसरीत, कंपनीच्या स्टोअरमध्ये. म्हणजे तू उतरल्यावर थोडा वेळ ती जागा रिकामीच असायची. मी कधी उठून तिथे बसले नाही. मला तू दिलेली हवी होती, तुझी उरलेली नको होती.

आपल्या डब्यात रुमाल टाकून जागा धरलेली चालत नाही. पिशवी ठेवली तर अलका ती उचलून वर फेकते. जागा धरायची तर माणूस बसलेलं लागतं. मागच्या स्टेशनची बाई पुढच्या स्टेशनच्या बाईच्या जागेवर बसते आणि ती आली की उठते. तळेगावला मी चढायचे तेव्हा माझी जागा कायम धरलेली असायची. कोणीतरी उठून दाराकडे जायचं आणि मी बसायचे. ते 'कोणीतरी' कोण, हे मी कधी बघितलं नाही. मी तुझ्याकडे बघायचे. तू म्हणायचीस, "आल्या मुकादमबाई!"

मुकादमच होते मी. कोणी कुठल्या वारी काय आणायचं हे मी ठरवायचे. सोमवारी अलकाचा चिवडा, बुधवारी नर्सिंगच्या मुलींनी केळी, शुक्रवारी माझी थालीपिठं. खंडेनवमीला डब्याला झेंडूची तोरणं बांधायची ती मी, संक्रांतीचं वाण ठरवायचं ते मी. त्या वडगावच्या मुलीचं डोहाळजेवण आपण गाडीत केलं, त्याच्या हिरव्या बांगड्यांपासून पेढ्यांपर्यंत सगळी यादी माझी. आणि तू काय आणायचीस? काही नाही. हात हलवत यायचीस. तरी त्या डोहाळजेवणाच्या फोटोत मुलगी तुझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली आहे. फोटोत मी नाही, कारण फोटो मी काढत होते.

मला तुझा हेवा वाटायचा. तुला ते कळत होतं आणि तुला त्याची मजाही वाटायची. एखादी बाई रडकं तोंड करून चढली की ती माझ्या शेजारची रिकामी जागा सोडून तुझ्या पायाशी खाली बसायची. मी तिला सांगायचे, की वकिलाकडे जा, अमुक कागद काढ, अमुक दिवशी रजा टाक. ती "हो ताई" म्हणायची आणि पुन्हा तुझ्याकडे वळायची. तू तिला नुसतं म्हणायचीस, "त्ये बघ, बेगडेवाडीचा शिरीष फुललाय." ती बघायची. आणि तिला बरं वाटायचं! मला अजून समजलेलं नाही, हे कसं व्हायचं ते.

खिडकीतलं सगळं तू डब्याला मोठ्यानं सांगायचीस. घोरावाडीच्या डोंगरावर ढग टेकलेत. देहूरोडच्या लष्करी भिंतीवर आज माकडं बसलीत. आकुर्डीच्या अलीकडच्या त्या नव्या टॉवरला बाराव्या मजल्यावर कोणीतरी तुळस ठेवलीय. मधल्या बाकांवर मेथी निवडणाऱ्या बायका मान वर न करता "हो का?" म्हणायच्या आणि त्यांना दिसायचं सगळं. मी तळेगावला चढले की मला आधीच्या बातम्या मिळायच्या. कामशेतला नदी गढूळ झालीय. कान्ह्याच्या खाचरांत लावणी लागली. वाऱ्यानं गुलाबाच्या शेडचं प्लास्टिक फाडून पार तारेवर नेऊन टाकलंय. वडगावच्या अलीकडं आणखी एका शेतात प्लॉटिंगचा बोर्ड लागला. ते सांगताना तू जरा थांबायचीस. मला वाटायचं, शेताचं वाईट वाटतंय.

तो तळेगावच्या आधीचा तुकडा मी कधी सकाळचा पाहिलाच नव्हता. संध्याकाळीही मी तळेगावला उतरायचे आणि तू पुढे जायचीस. इतकी वर्षं एका गाडीत आणि तुझा अर्धा रस्ता मला ऐकून माहीत. त्याचाही मला हेवा वाटायचा, त्या खाचरांचा. हसू नकोस.

जागेवरून आपलं भांडण तर रोजचं होतं. खरं भांडण नव्हे, पण माझ्या बाजूनं अगदी खोटंही नव्हे.

"कुंदा, एक दिवस बदल ना जागा. मला पण येणारं बघू दे."

"मला उलटं बसलं का गरगरतं गं."

"संध्याकाळी बरी उलटी बसून घोरतेस!"

"झोपल्याव दिशा कुटं कळती?"

सगळा डबा हसला. अलका म्हणाली, "मुकादमबाईंना खुर्ची पाहिजे, द्या की हो कुंदाताई." तू म्हणालीस, "देईन की. येळ आली का देईन." आणि खिडकीच्या गजाला धरून बाहेर बघत राहिलीस. हे झालं त्याला फार दिवस झाले नाहीत. वेळ आली, आणि तू काही दिली नाहीस. तशीच टाकून गेलीस.

तू गेलीस ते मला आपल्या डब्याच्या ग्रुपवर कळलं. ग्रुप मी काढलेला, नियम माझे. शुभ सकाळची फुलं नकोत, देवाचे फोटो नकोत. गाडी उशिरा असेल, चुकली असेल, आधीच्या गाडीनं कोणी गेलं असेल तर तेवढंच लिहायचं. रविवारी दुपारी कामशेतच्या कोण्या पूजानं लिहिलं, "कुंदाताई गेल्या." मी लिहिलं, "आज सुट्टीच्या दिवशी? कुठल्या गाडीने?" तो निरोप मी नंतर पुसून टाकला, पण सगळ्यांनी वाचला होता. त्या दिवसापासून अलका माझ्याशी जरा मऊ आवाजात बोलते, ते मला सहन होत नाही.

सोमवारी मी डब्यात चढले आणि नियम केला: दहाव्यापर्यंत कुंदाच्या जागेवर कोणी बसायचं नाही. एक झेंडूचं फूल ठेवायचं. बायकांनी डोळे पुसले. त्यांना वाटलं, किती माया. माया होतीच. पण मधल्या दिवसांत दुसरं कोणी तिथे बसलं आणि त्याची सवय झाली तर दहाव्यानंतर उठवणं अवघड जाईल, हाही विचार होता. इथे खोटं लिहून काय करू?

दहाव्याला आम्ही डब्यातल्या बायका मिळून कामशेतला आलो. सकाळचीच गाडी, पण उलट्या दिशेची. नदीकाठी तुझे यजमान बसले होते, मुलगा होता, ज्याला तू "आमचा सायेब" म्हणायचीस तो. अलकानं इतका हंबरडा फोडला की दोघीतिघी तिला धरायला धावल्या. "माझी सख्खी बहीण गेली हो!" म्हणाली. मला राग आला. अलका देहूरोडला चढते. देहूरोड ते चिंचवड म्हणजे तुझ्या-तिच्या वाट्याला किती रस्ता? मी तळेगावपासूनची. रडायचंच तर आधी मी. पण मला रडू येत नव्हतं. मी चपला एका ओळीत लावल्या, म्हाताऱ्या बायकांना सावलीत बसवलं, पाण्याच्या बाटल्या वाटल्या.

तेवढ्यात एक बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. वयानं तुझ्याहून मोठी, डोक्यावरून पदर, हातावर गोंदण. बराच वेळ ती मागे, एकटीच, बाभळीखाली उभी होती. जवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाली, "तुमी गाडीच्या का?"

"हो."

"खिडकीला आता कोन बसतंय?"

मला वाटलं, ही पुढच्या डब्यातली कोणी असणार. माणसाला जाऊन दहा दिवस होत नाहीत तोवर जागेवर डोळा! मी सरळ सांगितलं, "मी बसणार आहे. आमचं ठरलंय."

"तुमी कुटं चढता?"

"तळेगावला."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "मंग न्हाई उपेग," म्हणाली, आणि निघून गेली. नैवेद्य झाला, लोक जेवायला बसले, तिला कोणी पानावर बोलावलेलं दिसलं नाही.

परत स्टेशनकडे येताना ती पूजा माझ्याबरोबर होती. परभणीकडची, कामशेतला खोली घेऊन राहते, चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. तळेगावला उतरते आणि तिथून कंपनीची बस. मी तिला म्हटलं, "लोकांना लाज नाही, बघ. नदीवर येऊन जागा विचारतात."

"कोण ओ?"

मी वर्णन केलं. पूजा रस्त्यातच थांबली.

"ताई, त्या कुंदाताईंच्या थोरल्या बहीण आहेत की."

"कुंदाला बहीण?"

"तुम्हाला माहीत नाही?"

कुंदा, हा प्रश्न मला त्या पोरीनं विचारला. वाईट हेतूनं नाही. खरंच आश्चर्य वाटलं तिला.

मग तिनं सांगितलं. "कान्ह्याच्या अलीकडं रुळाच्या कडंला घर आहे त्यांचं. गाडीच्या टायमाला त्या बांधावर येऊन उभ्या राहतात. कुंदाताई खिडकीतून हात करायच्या, त्या पण करायच्या. बास, एवढंच. लई जोरात जाती गाडी तिथं."

"एवढ्या जवळ राहून नुसता हात?"

"वडलांच्या जमिनीचं प्लॉटिंग झालं तवा दोन्ही जावयांचं वाजलं म्हणं. येणं नाही, जाणं नाही. फोन केला तर घरात कळतंय. हात केला तर कुणाला कळतंय, असं म्हणल्या होत्या कुंदाताई."

"तुला हे सांगितलं तिनं?"

"सांगितलं असं नाही ओ. मी विचारलं, मग बोलल्या. मी समोरच बसायचे की. दिसायचंच."

"समोर कुठे?"

"तुमच्याच जागेवर. तुमची जागा मीच धरायचे ना. तळेगाव आलं की कुंदाताई म्हणायच्या, ऊठ गं, मुकादम आली."

म्हणजे ते 'कोणीतरी' ही होती. रोज माझ्या जागेवर बसून, माझ्यासारखीच पाठ करून, तुझ्या गुडघ्याला गुडघा लावून तिनं ते पाहिलं. मी चढायचे तेव्हा ते होऊन गेलेलं असायचं. बाक गरम असायचं, आणि मी कधी विचारलं नाही, कोणामुळे.

त्या दिवशी घरी येऊन मी भांडी घासली, कपाटातली कडधान्यं डब्यांत भरली, डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. रडायला तेव्हा आलं, आणि ते दुःखाचं होतं असं मी म्हणणार नाही. मला राग आला होता. माझ्या नवऱ्याचं ऑपरेशन, माझ्या मुलीचं मोडलेलं लग्न, माझी अर्धशिशी, तुला काय ठाऊक नव्हतं? मी तळेगाव ते चिंचवड तुला सगळं सांगितलं. तू मला माकडं सांगितलीस, शिरीष सांगितलास, तारेवरचं प्लास्टिक सांगितलंस. त्याच बांधावर रोज एक माणूस उभं असायचं, ते तेवढं वगळून. का? मी काय केलं असतं? मी वकील सुचवला असता. तारीख ठरवून दोघींना माझ्या घरी जेवायला बोलावलं असतं. यादी केली असती. हो, बरोबर. म्हणूनच सांगितलं नाहीस.

पण पूजाला कळू दिलंस. तिनं यादी केली नसती, ती नुसती बघत राहिली असती. म्हणजे तू माणूस बघून ठेवायचीस. मग माझ्यात काय बघितलं होतंस, कुंदा? हे आता मला कोण सांगणार?

दुसरं एक कळलं ते याहून वाईट होतं. मी पूजाला विचारलं होतं, "त्या बाई अजून बांधावर येतात का?" ती म्हणाली, "येतात की. कालही होत्या. खिडकीत कोणी नव्हतं ना, आपण जागा मोकळी ठेवली. गाडी जाईस्तोवर बघत होत्या." मोकळी जागा हा माझा नियम. दहा दिवस तुझी ताई रोज रिकामी खिडकी बघत होती. माझ्या झेंडूच्या फुलाचं तिला काय कौतुक?

तर दुसऱ्या दिवशी मी फलाटावरच पूजाला गाठलं. ती उतरत होती, मी चढत होते. म्हटलं, "उद्यापासून कामशेतपासून तळेगावपर्यंत कुंदाच्या जागेवर तू बसायचं. आणि तिथे हात करायचा."

"मी कशी करू ताई? त्या मला कुठं ओळखतात?"

"ओळख लागत नाही. माणूस लागतं."

ती कंपनीच्या बसकडे पळाली. गाडी सुटली.

आता रोज असं होतं. तळेगावला गाडी थांबते, पूजा दारात असते. मी विचारते, "दिसल्या?" ती म्हणते, "दिसल्या." पहिल्या दिवशी तुझ्या ताईनं हात वर केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, नुसती बघत राहिली. तिसऱ्या दिवशी पूजा उतरता उतरता ओरडली, "केला! केला ताई त्यांनी!" आणि डब्यातल्या बायकांनी कशाबद्दल ते माहीत नसताना टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला. आणि लगेच वाटलं, हिनं पाहिलं, पुन्हा मी नाही.

तळेगावच्या पुढे तुझी जागा माझीच होती. हिशेब सोपा होता: पूजा उतरली की मी. पहिल्याच दिवशी बसले. इतक्या वर्षांनी तोंड गाडीच्या दिशेला. घोरावाडीपर्यंत बरं वाटलं, डोंगर अंगावर येतो तो बघायला छान आहे. बेगडेवाडी सुटली आणि ऊन थेट डोळ्यांत. वारा, त्याबरोबर धूळ. देहूरोड येईतो उजवं कानशील ठणकायला लागलं. आकुर्डीला मी उठून माझ्या जागेवर गेले, पाठ करून डोळे मिटून बसले. माझी अर्धशिशी उन्हानं उठते, हे डब्यात फक्त तुला माहीत होतं. तूच दुकानातून बाम आणून दिला होतास.

अलका म्हणाली, "बघा, म्हणून देत नव्हत्या त्या तुम्हाला. तुमच्या वाटचं ऊन खात होत्या." अलकाला सगळं गोड करून लागतं. मी तसं मानत नाही. कान्हे मागे पडल्यावर खिडकीचं तुझं काम संपायचं. तू रोज तळेगावला ती जागा मला देऊ शकली असतीस. माझ्या डोक्यासाठी दिली नाहीस, की हातचं सोडवत नव्हतं म्हणून, की बहीण दिसून गेल्यावर उठायचं त्राणच राहत नव्हतं? तीन कारणं लिहिली आहेत. एकावरही खूण करता येत नाही. विचारायला हवं होतं. मी विचारत होते तेव्हा भांडत होते, त्यामुळे तूही भांडणाचंच उत्तर दिलंस.

आता माझ्याऐवजी तुझ्या जागेवर अलका गॉगल लावून बसते. देहूरोडला चढून! मी बसू दिलं. बघ, मी किती बदलले. हे तुला चिडवायला लिहिलं आहे.

एक अडचण उरली आहे. पुढच्या आठवड्यात पूजाची शिफ्ट बदलते. दुपारपाळी. मग सकाळी कामशेतहून खिडकीत कोण? नर्सिंगच्या मुली वडगावच्या, म्हणजे कान्हे मागे पडल्यावर चढणाऱ्या. बाकीच्या सगळ्या माझ्यासारख्या, तळेगावच्या पुढच्या. मी कागद घेऊन बसले, नावं लिहिली, खोडली. शेवटी एकच नाव राहिलं. पहाटे लवकर उठायचं, वर जाणाऱ्या गाडीनं तळेगावहून कामशेतला जायचं, आणि तिथून आपल्या गाडीत चढायचं. डबा आदल्या रात्री. नवरा म्हणाला, "वेड लागलंय का? कोणासाठी एवढं?" मी म्हटलं, "एका बाईला हात करायचाय."

त्याला वाटलं, मी कोणाचं तरी भलं करायला निघाले. तुला खरं सांगते. मला तो तुकडा हवा आहे, कुंदा. कामशेतची नदी, खाचरं, फाटकी शेड, प्लॉटिंगचा बोर्ड. तळेगाव येण्याआधीची जी तू होतीस आणि जी मला कधी मिळाली नाहीस, ती मला हवी आहे. तुझ्या जागेवर बसून, ऊन लागलं तरी. टोपी घेऊन ठेवली आहे.

एवढंच विचारायचं होतं, हात कुठला करायचीस? पूजाला विचारलं, तिला नीट आठवेना. खिडकी डावीकडे, म्हणजे डावा असावा. पण डाव्या हातानं तू कायम गज धरून असायचीस. मी डावाच करीन. उजवा असला तर तुझ्या ताईला लगेच कळेल, ही कुंदा नव्हे. ते तिला तसंही ठाऊक आहे. तरी ती बांधावर येते.